उतारावर लावलेली गाडी

तीन महिन्यांपासून लोखंडे सिस्टर
गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर लावतात,
तोंड खाली, बूड वर.
सपाटीला लावली की सकाळी बोलतच नाही म्हणे.
हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.
बॅटरी बदलून झाली, हीटर झाले,
स्टार्टरचे साडेचार हजार दुसऱ्या एकाकडे गेले,
त्यानंतर.
मुख्तार उस्तादांनी बशी खाली ठेवली.
"ये बात पैले बोलना था ना, बहेन."

डिसेंबरची परभणी.
जिंतूर रोडला शटर उचलताना लोखंड चावतं.
मी सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र.
उस्ताद सायलेन्सरमागं उकिडवे,
तळहात पुढं, चुलीपुढं धरावा तसा.
धूर नाही.
पांढरा असता तर डिझेल येतंय, पेटत नाही एवढंच.
काहीच नाही म्हणजे
येतच नाही.
"पेट खाली है, तू दात कायको देखता?"

सोलेनॉइडची टिक आहे.
फिल्टरखालचा स्क्रू सोडून बाटलीत धरलं,
पाणी नाही, करडईच्या तेलासारखं स्वच्छ.
मग हातपंप.
पहिले वीस-बावीस दाब नुसते पोकळ,
नंतर अंगठ्याखाली भरत आलं,
कणीक मळता मळता घट्ट व्हावी तसं.
सेल्फ. लागली.
सिस्टर हसल्या. उस्ताद नाही.
"ये इलाज नै है. ये सलाइन है."

पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडली.
त्यातून बुडबुडे चालले होते
साबुदाण्याएवढे, एकामागं एक, कसली घाई नसलेले.
सिस्टर वाकून बघत राहिल्या.
"आमच्यात एवढा एक गेला तरी धावपळ होते," म्हणाल्या.

मी टाकीपासून पुढं चिंधी फिरवत आलो.
चिंधी कोरडी.
बाहेर गळतं ते सोपं असतं,
धूळ बसते त्यावर, काळा नकाशा काढून देते.
इथं काही गळतच नव्हतं.
हवा आत येत होती,
आणि रात्रभर डिझेल मागं मागं
टाकीत उतरून जात होतं.
उतारावर टाकी आणि फिल्टर बरोबरीला येत,
म्हणून थांबायचं.

उस्तादांनी फिल्टर खोलला.
वरची रिंग नखानं उचकटली.
चपटी, आणि एका जागी चिमटलेली,
नखाच्या मुळाशी पांढरं असतं तेवढीच.

ती मी बसवली होती.
भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी.
पुडीतली नवी रिंग घरंगळून मोरीत गेली,
स्पेअरचं दुकान बंद,
घरून दोनदा फोन आलेला, पुरण थंड होतंय म्हणून.
मी जुनीच पुसली, ग्रीस लावलं,
दाबली.
तीस रुपयांची वस्तू.

उस्तादांनी रिंग उजेडाला धरली.
माझ्याकडं बघितलं नाही.
खमिसाच्या खिशात टाकली, विड्यांच्या बंडलाशेजारी.
"रबर पुराना था," सिस्टरना म्हणाले.
खोटं नव्हतं ते.

मजुरी किती, त्यांनी विचारलं.
उस्ताद म्हणाले, "इसको पूछो."
मी म्हणालो, राहू द्या.
त्या म्हणाल्या, असं कसं, आणि दोनशे टेबलावर ठेवले,
पान्याखाली, उडू नयेत म्हणून.
स्टार्टरचं माझ्या तोंडाशी आलं होतं.
तिथंच राहिलं.
मी एवढंच म्हणालो, आज सपाटीवर लावा.

पावणेसहाला मी त्यांच्या गल्लीत होतो.
सायकल लिंबाला टेकवलेली,
कानटोपी कानांवरून वर सारलेली.
नळापाशी, सपाट जागेवर, गाडी.
काचेवर दव.
पाथरीच्या दवाखान्यात त्यांची सकाळची ड्यूटी.
दार वाजलं. आत हीटरचा पिवळा दिवा लागला,
विझला.
मी मोजायला सुरुवात केली.

एक म्हणून पुरं व्हायच्या आत लागली.

काच खाली आली.
"अरे, तू? एवढ्या सकाळी?"
दूध आणायला, मी म्हणालो.
माझ्या हातात किटली नव्हती.