इतिवृत्तात न घेतलेले

विषय क्रमांक सात.
अर्जदार हेविन प्रॉसर, आणखी दोन शेड,
प्रत्येकी पन्नास हजार कोंबड्या,
नदीपासून अंतर एकशे ऐंशी मीटर.
नदी संरक्षित. नकाशावर
हिरव्या तुटक रेषेने तसं दाखवलेलं आहे.

एवढं मी लिहिलं.
लिहायचं काम माझं, बोलायचं नाही.
सतरा वर्षं वेल्सच्या या कोपऱ्यात, या सभागृहात,
गळक्या हीटरशेजारी बसून
कोण काय म्हणालं ते टिपते,
कसं म्हणालं ते सोडून देते.

हेविन उभा राहिला. टोपी हातात.
बुटांना चिखल नव्हता, म्हणजे घासून आला होता.
त्याने विचारलं, रविवारी तुमच्या ताटात काय असतं?
कुणी उत्तर दिलं नाही.
मध्यंतरात सँडविच आली होती, चिकनची.
माझ्या वाटची दोन मी तोवर खाल्ली होती.

मग शहरातून आलेला सल्लागार.
सगळी शीट ट्रकने जिल्ह्याबाहेर जाईल म्हणाला
आणि पडद्यावर एक बाण काढला.
बाण नकाशाच्या काठापर्यंत गेला, तिथेच थांबला.
काठापलीकडेही नदीच आहे की,
पार्डोबाई म्हणाल्या, पण माइक बंद होता.
अध्यक्ष म्हणाले, ध्वनिमुद्रणात आलेलं नाही.

तिसऱ्या रांगेतून मारेद उठली.
दर शनिवारी पुलाखाली उतरते ती,
बाटली भरते, थेंब टाकते,
पाणी निळं व्हायची वाट बघते.
जितकं निळं गडद, तितकं पाणी वाईट;
इतका सुंदर रंग, आणि बातमी अशी.
एकशे बारा शनिवारांची वही तिने टेबलावर ठेवली.
आवाज हलला नाही.
"अर्जदाराच्या रानातून येणारा ओढा," म्हणाली.
बाबा म्हणाली नाही.
हेविनने टोपी या हातातून त्या हातात घेतली.
मी लिहिलं: हरकतदार क्रमांक चार, स्थानिक रहिवासी.
पत्त्याच्या रकान्यात
दोघांचा पत्ता एकच आला.

आता हे कुठे लिहू,
की आम्ही दहा वर्षांचे असताना
याच हेविनने मला पुलाच्या कठड्यावर पालथं झोपवलं होतं,
श्वास रोख, म्हणाला होता, खाली बघ.
पांढऱ्या फुलांनी पाणी झाकलेलं,
फुलांमधल्या फटीत एक सामन,
प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी.
हलत नव्हता. पण पोहत होता,
सारखा पोहत होता, म्हणून तर जागेवर होता.
परवा तिथेच हात घातला पाण्यात.
दगडांना तपकिरी लव आलीय, ओल्या लोकरीसारखी.
दगड हातात राहत नाही.
फुलं यायची त्या जागेला
आता मुलं नुसतं "तो डोह" म्हणतात.

निर्णय: तहकूब.
आकडे त्रयस्थाकडून तपासून घ्यावेत.
बाजूने पाच, विरोधात चार,
एक सदस्य हितसंबंधामुळे बाहेर
पावसात सिगारेट ओढत उभा.

खुर्च्या रचून झाल्या. शेवटची बस गेलेली.
हेविनने पिकअपचं दार उघडून धरलं
आणि मारेद बसली, दुसरं करणार काय,
मांडीवर बाटल्यांचा खोका.
पट्टा लाव, तो म्हणाला.
त्या संध्याकाळी दोघांमधलं
मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

दिवे मालवून मी कुलूप लावत होते.
पुलाच्या मधोमध ब्रेकचे लाल दिवे
बराच वेळ पेटलेले दिसले.
एक दार वाजलं.
कोण उतरलं, अंधारात कळलं नाही.