न्यू फोल्डर तीन

रबाळ्याच्या गॅस्केट कारखान्यात
कोण कुठे शिरू शकतं ते मी ठरवतो.
म्हणजे टिकमार्क लावतो.
वाचता येईल. लिहिता येईल. पुसता येईल.
नुसतं नाव दिसेल.
नावही दिसणार नाही.
स्टोअरच्या पोरांनी पगाराच्या यादीत डोकावू नये,
सेल्सवाल्यांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवू नयेत.
गेल्या वर्षी सोडून गेलेल्या काकडेचं नाव
अजून तीन दारांवर होतं,
ते खरवडून काढलं.

शुक्रवारी आमच्या पट्ट्यात वीज नसते, सुट्टी.
म्हणून गुरुवारीच, मशिनी थांबल्यावर,
डिस्पॅचच्या प्रमिला मढवी टेबलाशी आल्या.
हातात डब्याची पिशवी.
"एक फोल्डर पायजे. कुणाला उघडता नाय आला पायजे."
म्हटलं, नाही उघडणार कुणी.
फक्त तुम्ही आणि ॲडमिन.
"ॲडमिन म्हंजे कोण?"
म्हटलं, मी.
त्या काही बोलल्या नाहीत.
पिशवीचा बंद या हातातून त्या हातात घेतला.

अठरा वर्षं मी नको असलेल्यांच्या याद्या करत होतो.
त्यात माझं नाव घालायचं
कधी सुचलं नव्हतं.

खुर्ची दिली. सांगितलं,
एक वेगळं कुलूप असतं, दाराला नाही, अक्षरांनाच लागतं,
आतल्या शब्दांचा भुगा होतो,
पासवर्ड टाकला की भुग्याचे परत शब्द.
पण विसरलात तर मी काही करू शकणार नाही,
शेठ नाही, कुलूप बनवणारेही नाहीत.
"चालंल."
त्या पासवर्ड टाकत होत्या तेव्हा
मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.
पारसिकच्या डोंगराला खाणींनी पाडलेली भगदाडं,
खाली रस्त्यावर कंटेनर, एकामागे एक.
मोजायचं नाही म्हटलं तरी कान मोजतात:
एकोणीस टकटक.

मग दर गुरुवारी रात्री
बॅकअपच्या यादीत ती एक ओळ हलायची.
न्यू फोल्डर तीन. चौदा केबी. सोळा. साडेसोळा.
एकदा एकदम एकवीस.
काय झालं असेल त्या आठवड्यात?
त्या तर रोजच्यासारख्याच, चलनांवर शिक्के मारत,
ड्रायव्हरवर ओरडत, "पावती कुठं हाय रं बाला?"
झाकली मूठ,
एकवीस केबीची.

कुंपणाने शेत खाऊ नये, कबूल.
पण रात्री शेताचा वास आला
तर कुंपणाने काय करायचं
हे आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

दिवाळीनंतर आकडा थांबला.
सव्वीस. सव्वीस. सव्वीस.
त्या कामावर येत होत्या.
शिक्के पडत होते.
मी एकदा विचारलं, कॉम्प्युटर ठीक चालतो ना?
म्हणाल्या, "चालतो की."

मार्चमध्ये नवा सर्व्हर आला.
सालियन मॅनेजर जुनं साफ करायला बसले.
हे काय आहे? उघड.
उघडत नाही.
तू ॲडमिन ना?
हो.
कुलूप कुणी लावलं?
मी.
मग किल्ली?
माझ्याकडे नाही.
आणि हे बोलताना, का कोण जाणे,
मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दुपारी डिस्पॅचला गेलो.
नवीन मशिनवर न्यायचाय का तुमचा फोल्डर?
त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबून धरला, जरा जास्तच वेळ.
"जड हाय का?"
नाही.
"मंग र्‍हावं दे."

रात्री सगळ्यात आधी तोच नेला,
पगाराच्याही आधी.
डोळ्याची पापणी लवली नाही तोवर पोचला.
नव्या सर्व्हरने विचारलं, मालक कोण?
त्यांचं नाव टाकलं.
खालच्या चौकटीत यंत्राने सवयीने
माझं नाव भरून ठेवलं होतं.
ते पुसलं.
यंत्राने विचारलं, नक्की?