कापलेला रोज

माघ सरत आला. दिघ्याच्या बंद खाणीत
दगड अजून रात्रीइतकाच गार.
खाली ओहोटी लागलेली; खाडीच्या चिखलावर
रोहितांची फिकट गुलाबी रेघ,
कुणीतरी बोटानं पुसल्यासारखी.

तिमण्णा दुर्बीण नको म्हणतो.
कड्याच्या पोटाशी बोट करतो :
"पांढऱ्या ओघळाच्या वर. तो कट्टा.
तिथला सुरुंग अर्धाच उडला होता.
मुकादमानं माझा रोज कापला."

कट्ट्यावर शाहीन ससाणा.
पाठ पाटीच्या रंगाची, पोट विटकरी;
कबुतराची पिसं
एकेक उपटून वाऱ्यावर सोडतोय.
मादी आत, कपारीत. हललीसुद्धा नाही.

मी वहीत लिहिते : सात बावीस. नर एक, मादी एक.
"आणि कट्टा कुणाचा, ते?" तिमण्णा विचारतो.
मी हसून वर बघते
तोच नर सुटतो,
पंख मिटून, सरळ खाली, दगड निसटावा तसा

आणि तिमण्णाचे खांदे आकसतात,
दोन्ही हात
आपसूक कानांवर.

आवाज होत नाही.
बऱ्याच वेळानं, लांब खाडीवर
ती रेघ मधेच तुटते,
हेलकावते,
पुन्हा जुळते.
तिमण्णाचे हात अजून तिथंच.