ठराव क्रमांक सात

प्रोसिडिंग बुकाच्या पानांवर छापील आकडे असतात,
पान फाडता येत नाही.
सात वर्षांत बोरडोहात मी
नाल्या लिहिल्या, हातपंप लिहिले,
अंगणवाडीच्या पत्र्यांचा खर्च लिहिला,
एकदा तर माकडांचा बंदोबस्तही.

पंधरा ऑगस्टला, झेंडा वर गेल्यावर,
बुंदीच्या पुड्या वाटून झाल्यावर
वामनराव ढोले उठले:
"गुरुवारच्या बाजारात आपलेच मानसं बसतीन.
लिहा मॅडम."
आपले म्हणजे कोण, मी विचारलं.
"तुमाले समजते."

समजत होतं.
दारव्ह्याहून सायकलवर येतो मुस्तकीम,
फवारणीचे पंप दुरुस्त करतो.
पोत्यावर वायसर, नोझल, रबरी नळ्या,
दातांत धरलेला स्क्रू,
म्हणून भाव विचारला की बोटं दाखवतो.
त्याचा बापही तिथेच बसून बोटं दाखवायचा.

सूचक: वामनराव. अनुमोदक तिघे, एकदमच;
ज्याचा आवाज आधी आला त्याला लिहिलं.
हात वर झाले. पोट्ट्यांनी तर दोन्ही.
मागून गिरजा आत्राम, डोक्यावरचं टोपलं न उतरवता:
"मंग माहा पंप कोन बनवून देईन?
मी तं नाही म्हनतो."
लोक हसले.
मी लिहिलं: सर्वानुमते मंजूर.
हात सवयीनं चालतो.

बीडीओ साहेब फोनवर म्हणाले, कायद्यात बसत नाही,
पण लिहिलंय ना आता? वर आलं की बघू.
वर म्हणजे कुठे, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

रेंज फक्त पंचायतीच्या पायरीवर येते.
वामनरावांना ऐकू कमी, म्हणून स्पीकर चालू.
मुलगा टेक्सासात. आमची सकाळ, त्याची रात्र.
त्यांच्याही गावात सभा झाली म्हणे,
यांनी देवळासाठी जागा मागितली होती, पार्किंगसकट.
माणशी तीन मिनिटं, मग घंटी.
एक म्हातारी म्हणाली, चांगले असतील बिचारे, पण आपले नाहीत.
एकानं बायबल उघडून वाचलं.
एकानं विचारलं, तुमच्या देवाला हात किती?
आमची लेकरं घाबरतील.
"अन् तुमच्या बाजूनं कोनीच नाही बोललं?"
"एक बाई बोलली, बाबा. कुत्रं घेऊन आल्ती."
बराच वेळ नुसती खरखर.
मग वामनराव:
"तिथला ग्रामसेवक काय म्हने?"
"तो काय म्हणणार. तो लिहून घेत होता."

मी आत होते.
टेबलाचा खण उघडला
आणि कशासाठी उघडला ते विसरले.

दुसऱ्या दिवशी ते ठरावाची प्रत मागायला आले,
शिक्क्यासकट.
"तिकडचं येगयं असते," आल्या आल्या म्हणाले.
मी काही विचारलंच नव्हतं.
प्रत द्यायच्या आधी ठरावाखाली एक ओळ लिहिली,
तारीख आजची, सही माझी:
'सर्वानुमते'ऐवजी 'बहुमताने' वाचावे.
विरोध एक. गिरजा लच्छू आत्राम, वॉर्ड दोन.
चष्मा काढून, परत घालून त्यांनी वाचलं.
"हिचं नाव कायले?"
बोलली होती ती, मी म्हटलं.

यानं काही थांबलं नाही.
गुरुवारी मुस्तकीम आला नाही.
कांदेवाल्यानं आपलं पोतं
त्याच्या जागेत वीतभर सरकवलं,
थोड्या वेळानं मागे ओढून घेतलं.
आणि सकाळपासून कुणी कुणी
आपापले पंप तिथे आणून ठेवत गेलं,
पूर्वी रॉकेलसाठी डबे लावायचे तसे.
अकरा झाले. मोजणं माझं कामच आहे.
त्यातला एक पिवळा,
टाकीवर खिळ्यानं कोरलेलं: वा. ढो.
खाली गळून गळून माती पांढरी झालेली.

गड्यानं आणून ठेवला असेल.
त्याला ठराव माहीत नसेल.