आबा झोपलेत

शुक्रवार. विनिपेगचा जून.
खिडकी उघडी, आणि कॉटनवूडच्या झाडांचा कापूस
न विचारता वर्गात येऊन बसतोय
केसांवर, पिठावर, रंगाच्या वाट्यांत.

आज आबा आलेत शाळेत.
चार वर्षांच्या माणसांसाठी केलेल्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेत अकरा आबा:
एक दातांचा डॉक्टर, एक छपरं दुरुस्त करणारा,
एक सारखा फोनकडे बघणारा
(त्याच्या लेकीनं तो फोन
वाळूच्या डब्यात खुशाल पुरून टाकला).

आज विणायचा आहे शब्बातचा खल्ला,
तीनपेडी वेणीसारखा पाव.
आणि शिकवायची आहे माया.
धडा मी रात्रीच लिहून काढलाय:
फळ्याजवळ लोणच्याची रिकामी बरणी,
कुणी कुणाशी मायेनं वागलं
की तिच्यात एक लोकरीचा गोंडा.
"मोरा, आधी ढकललं आणि मग उचललं, तर?"
अनशेल विचारतो. हा वकील होणार.

रीवाचे आबा, वादिम, शेवटून दुसरे.
बेकरीत कामाला. गुरुवारची रात्र
त्यांच्यासाठी रात्र नसतेच,
अख्ख्या वस्तीचे खल्ले त्यांच्या हातून भट्टीत जातात.
आठ दिवस रीवा बजावत होती,
"माझे आबा सहापेडी घालतात. बघाच."

बघत होतो आम्ही.
एक पेड घेतला, दुसरा, तिसरा हातात,
आणि फुगलेली कणीक बसते तशी
मान हळूच खाली बसली.
कानाच्या पाळीला पीठ. मनगटावर जुना चटका.
घोरणं बारीक, लांबच्या मालगाडीसारखं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.
रीवाचे ओठ आत दुमडले.
मी पुढे झाले. तोंडात वाक्य तयार होतं,
शिक्षिकेचं, घडीचं, इस्त्री केलेलं.
ते बाहेर पडायच्या आत
श्लोइमी उठला,
जो ओरडल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाही,
त्यानं बूट काढले
आणि मोज्यांवर चालत जाऊन पडदा ओढला.

मग सगळ्यांनीच काढले बूट.
दातांच्या डॉक्टरनंही. (मोज्याला भोक.)
तमरनं बाहुलीचं पांघरूण आणलं,
ते पुरलं एका गुडघ्याला.
दुसऱ्या गुडघ्यावर लिओराचा स्वेटर.

वेणी अर्धीच राहिलेली.
सहापेडी कुणालाच येईना,
मलाही नाही, एकोणीस वर्षांत.
रीवा खुर्चीवर चढली. कुजबुजली,
"हा वरून. दोन सोडून. आता खालून."
छपरवाल्या आबांची जाड बोटं चुकली.
"उसवा," ती म्हणाली. त्यांनी निमूट उसवलं.

शुक्रवारी सांजेला आबा लोक
लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून
आशीर्वाद पुटपुटतात, घरोघरी.
रीवानं वेणीचं टोक दाबलं,
पिठाचा हात फ्रॉकला पुसायचा विसरली,
आणि तोच ठेवला आबांच्या टकलावर.
काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.
मला उद्देशून नव्हतंच ते.

बरणी? राहिली तशीच.
गोंड्याची आठवण कुणाला नव्हती,
अनशेललाही नाही.

खल्ल्याचा वास सुटला तेव्हा वादिम जागे झाले.
टकलावर पाच पांढरी बोटं,
मांडीवर बाहुलीचं पांघरूण,
आणि समोर, ट्रेमध्ये, सहापेडी.
त्यांनी ती निरखली, कारागिरासारखी,
एका बाजूनं, मग दुसऱ्या.
"चौथा पेड सैल पडलाय," म्हणाले.

"तो मोरांनी घातला,"
रीवा म्हणाली. "त्या अजून शिकतायत."