तळटीप

मला घेतलं ते बोलीसाठी.
पुण्याहून आलेल्या साहेबांना "काहून" कळायचं नाही,
"मले-तुले" सुरू झालं की ते हेडफोन काढून
टेबलावर ठेवायचे, कानातून किडा काढावा तसे.
अधिवेशनापुरतं आहे, म्हणाले.
अधिवेशन संपलं, मोर्चे परतले,
यशवंत स्टेडियमजवळचे मांडव उठले,
कान मात्र तिथेच राहिले.

सिव्हिल लाइन्समधली इमारत, मागचा जिना,
खिडकीला काळा कागद.
खोलीत एकच हीटर, तो साहेबांच्या पायाशी.
मी शाल गुंडाळून
घरच्या बोलीचं प्रमाण मराठी करते.

क्रमांक एकशे सतरा म्हणजे हरिदास खोब्रागडे,
इंदोरा. पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायचे.
माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायची खोड.
पहिला अर्ज: आमच्या चौकात कॅमेरे किती?
दुसरा: ते बघतं कोण?
तिसऱ्या अर्जाचं उत्तर मी आहे.

बीपीची गोळी संपली. गॅसवाला आला नाही.
नातवाला गोरेवाड्याला नेलं तर वाघ झोपलेला.
ते शिंकले की मी कंसात लिहायची: शिंक.
थांबले की: शांतता, चार सेकंद.
रात्री साडेनवाला काटोलहून बहिणीचा फोन.
विहिरीमागे तिची संत्र्याची साठ झाडं.

"ताण देल्ला होता, काल तोडला."
"मंग बार कवा फुटते वो?"
"फुटन पंधरा-वीस दिवसांत. जबर फुटन यंदा.
तू ये ना दादा पाहाले."

साहेबांनी लाल पेनाने रेघा ओढल्या.
ताण. बार. फुटणे.
"कुठे फुटणार?"
झाडाचं पाणी तोडतात साहेब, मी म्हटलं,
पानं मलूल होईस्तोवर सुकवतात,
मग पाणी दिलं की फूल येतं. त्याला बार म्हणतात.
माझं माहेर नरखेडचं.
ते माझ्याकडे बघत राहिले,
पेन अजून उघडंच होतं.

मी तळटीप दिली: बार म्हणजे संत्र्याचा बहर.
वरून टाइप होऊन आलेल्या प्रतीत
शब्दावर चांदणी होती,
पानाच्या तळाशी काही नव्हतं.

त्यांना नेलं तेव्हा मी ड्युटीवर नव्हते.
मला कळलं ते रिंगवरून.
साडेनऊ. वाजली, वाजली, थांबली.
दुसऱ्या दिवशी साडेनऊ.
न उचललेल्या फोनचं काय लिहायचं
याचा आमच्याकडे नमुना नाही.
मी रकान्यात आडवी रेघ मारली.
अशा अकरा रेघा.
बाराव्या रात्री नातवाने उचलला.
"आबा न्हाई घरी."
"कुठी गेला?"
"मम्मी म्हणते सांगू नको."
बहीण बराच वेळ श्वास घेत होती, मग म्हणाली,
"आला का त्याले सांगजो बेटा, बार फुटला."

मी हेडफोन काढला.
हे लिहिलं नाही, असं सांगायला आवडलं असतं.
पुन्हा लावला. लिहिलं.
तळटीप दिली नाही.

त्या रात्री जरीपटक्याच्या पुलावर
गाडी बाजूला घेऊन उभी होते.
खांबावरचा कॅमेरा
एखाद्या म्हाताऱ्यासारखा मान खाली घालून.
आईचा फोन आला.
"अवं, वास येऊन राह्यला घरात पुरा.
रात्रभर झोप नाई लागत त्या वासानं.
आपला बी बार..."
आई, म्हटलं, फोनवर नको.
"काहून?"

शांतता. नऊ सेकंद.
मी मोजली.
मी एकटीनेच मोजली असं नाही.