नेसायचं की घालायचं

यादी ह्यांनी केली.
नाव दिगंबर, आणि कपड्यांची यादी
दोन पाठपोट पानं.
थर्मल, स्वेटर, वाऱ्याचं जाकीट,
रेनकोट, पण मागच्या वर्षीचा नको, तो खांद्यात गळतो.

घैसास वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या,
तिकडच्या देवळात खांदे झाकलेले हवेत,
गुडघे झाकलेले हवेत.
म्हटलं, सहावारी आहे,
निम्मी तर गुडघ्यांवरच खर्च होते.
कमरेचं वहिनी काही बोलल्या नाहीत.
ती टीचभर जागा
मी स्वेटर ओढून माझी मीच झाकली.

यादीत सगळ्यासाठी एकच क्रियापद : घालणे.
माझ्या रकान्यात ते खोडून मी लिहिलं, नेसणे.
घातलेलं काढतात,
नेसलेलं सोडतात,
पांघरलेलं आपोआप घसरतं.
हे ह्यांना चाळीस वर्षांत कळलं नाही,
आता न्यूकॅसलच्या विमानात बसून काय कळणार.

डरहॅम.
स्टेशनातून उतरलं की नदी, नदीवरून चढलं की गोटे,
रस्ताभर वाटोळे, ओले, शतकांनी घासलेले गोटे.
साडीखाली माझे सोसायटीत फिरायचे बूट,
लेस केशरी.
पुलावर वाऱ्यानं पदर उचलला
आणि एका सायकलवाल्या पोराच्या तोंडावर नेऊन ठेवला.
तोच सॉरी म्हणाला.
ऋजुतानं पर्समधून तीन पिना काढल्या,
एक माझ्या खांद्यात टोचली.

दारात आमच्यापुढे एक मुलगी,
जीन्स फाटकी, दोन्ही गुडघे बाहेर आलेले,
गार वाऱ्यानं लाल.
सरळ आत गेली.
कुणी अडवलं नाही.
मला वहिनींना फोन करावासा वाटला.

अडवलं ते ह्यांना.
बिल्ल्यावर विनिफ्रेड लिहिलेल्या एक बाई,
मऊ आवाजात, टोपी तेवढी काढाल का.
ज्यांचे वडील बोडक्या डोक्यानं देवासमोर कधी उभे राहिले नाहीत
ते टोपी हातात धरून उभे,
प्रसाद घेतल्यासारखे, दोन्ही ओंजळींत.
आणि मी एव्हाना वाकून
लेस सोडत होते.
अहो राहू द्या, विनिफ्रेड म्हणाल्या, फरशी गार आहे.

वरचं काढा, खालचं ठेवा.
आपल्याकडे नेमकं उलट.
एक डोक्यानं चुकलेला, एक पायानं.
मी बूट काढलेच.
साठ वर्षांची सवय, पाय ऐकेनात.

आत खांब.
खांब मात्र छान नेसलेले,
एकावर चौकडा, एकावर नागमोडी,
कुणा विणकराला दाखवले असते
तर त्यानं अंगठ्यानं पोत चाचपला असता.
आणि त्यांच्या अलीकडे, जमिनीत
एक काळी पट्टी.
ऋजुता वाचून सांगते :
पूर्वी बायकांनी याच्यापुढे यायचं नव्हतं.

खांदे झाकलेले असतील ना गं त्यांचे?
असतील.
गुडघे?
पार टाचेपर्यंत, आई.
डोकं?
तेही.
मग?

ऋजुतानं माहितीपत्रकाची घडी उलटी घातली,
पुन्हा सुलटी घातली.

यादीत पायमोजे चार जोड होते.
जोडव्यांनी कुरतडलेला कुठला, ते लिहिलेलं नव्हतं.
तोच नेमका आज पायात,
आणि त्यातून बाहेर
अंगठ्याशेजारचं बोट,
चांदीसकट.
एवढ्या थरांत गुंडाळलेल्या माझं
तेवढंच उघडं.

विनिफ्रेडबाईंनी बोट पाहिलं.
मग स्वतःचे, नीट पॉलिश केलेले बूट पाहिले.
काही म्हणाल्या नाहीत.

मी पाऊल टाकलं.
पट्टीच्या दगडावर जोडवं वाजलं, अगदी बारीक,
माझं मलाच ऐकू येईल इतकं.

ह्यांनी मागून विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
खरंच गार आहे फरशी.